टेपच्या पुढचं पाणी

मी, खाली सही करणारी बाई, वय चोपन्न, शिक्षण चौथी पास आणि पाचवीचे तीन महिने, नोकरी पाणी खात्यात विहिरी मोजायची, असं लिहून ठेवते की माझ्या मागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या शब्दाचं काय करायचं ते या कागदात आहे. याआधी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा करायला बसले होते, पण मध्येच राग आला म्हणून फाडलं. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिलाय, तो मागे टाचलाय. किती दिवस आहेत असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्याचं पुढच्या उन्हाळ्यात बघू. त्याचा अर्थ मला कळतो.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. दस्त लिहिणाऱ्याकडे गेले होते. तो माझ्या प्रत्येक वाक्यात ‘सबब’ घुसडायला लागला, म्हणून त्याच्याकडून नियम तेवढे विचारून घेतले आणि उठून आले. अक्षर वाईट आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. कोणी दबाव टाकलेला नाही. टाकायला आले होते, त्यांचं पुढे येईल.

कलम १. बँकेत जे असेल ते, लोखंडी कपाट, भांडी, कानातल्या रिंगा, सगळं माझ्या मुलीला. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर दुसऱ्याला नीट दिसावं म्हणून खपते आणि घरी आल्यावर मला दिसत नाही असं समजून न्हाणीघरात रडते. मुली, मला दिसतं. रडायचं तर बाहेर येऊन रड, तिथं नळ उघडा ठेवून रडू नकोस.

कलम २. सायकल माझ्या नवऱ्याची. माझ्याआधी तोच याच खात्यात विहिरी मोजायचा. नऊ नंबरच्या विहिरीकडे जाताना वळणावर ट्रकनं त्याला उडवलं. तो गेला, सायकलचं नुसतं पुढचं चाक गेलं, आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. एकतीस विहिरी, महिन्याला एक फेरी, सव्वीस वर्षं. माझ्या जागी खात्यात जी बाई किंवा बाप्या येईल त्याला ही सायकल द्यावी. मागचा ब्रेक लागत नाही. उतारावर उतरून चालावं.

कलम ३. टेप. ही खात्याची आहे, मला कोणाला देता येत नाही, पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या विहिरी म्हणजे पाणी काढायच्या विहिरी नव्हेत. वीतभर तोंडाची भोकं, नुसती मोजायला पाडलेली, वर लोखंडी झाकण. लोखंडी टेप असते, साठ मीटरची, टोकाला शिशाचं वजन. टेपच्या खालच्या भागाला खडू घासायचा आणि आत सोडायची. वर ओढली की खडू कुठवर भिजला ते दिसतं. त्यावरून पाणी किती खोल आहे ते काढायचं आणि रकान्यात लिहायचं. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल. चौथी पास बाईला एवढं पुरतं.

मी लागले तेव्हा बावीस, चोवीस असं यायचं. मग तीस. मग चाळीस. पंधराव्या वर्षी चौदा नंबरला टेप संपली आणि खडू कोरडाच्या कोरडा वर आला. आता रकान्यात काय लिहायचं? रिकामा ठेवला तर त्या दिवशी कामावर नव्हतो असं धरायचे. सगळीकडचे मोजणारे विचारायला लागले, तेव्हा वरून एक कागद आला. टेप पाण्याला न टेकल्यास साठ लिहावे. आम्ही लांब टेप मागितली, तर साहेब म्हणाला अर्ज पाठवलाय. तो अर्ज अजून चालतच असेल, त्याला माझी सायकल द्यायला हवी होती.

मी साठ लिहिलं. पुढच्या महिन्यात परत साठ. मग नऊ नंबरला साठ, मग एकवीसला. आज एकतीसपैकी सव्वीस विहिरींना साठ आहे. देशभर टेप हीच आणि कागद हाच. त्यामुळे झालं असं, की जितक्या जास्त विहिरींचं पाणी टेपच्या खाली गेलं, तितका कागदावरचा आकडा जागचा हलेनासा झाला. वरच्या लोकांनी त्या आकड्यांची रेघ काढली तर ती सरळ आली. खात्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं, ‘भूजल पातळी अकरा वर्षे स्थिर’. मी खाली उभी राहून वाचलं. आधी हसू आलं. स्थिर होती ती टेप. आता म्हणे माणसाऐवजी यंत्र बसवणार आहेत. त्याची तार किती लांब म्हणून मी विचारलं. साठ मीटर. मागणीपत्र जुन्याचंच उतरवलं होतं.

टेपच्या वरच्या कडीला मी नायलॉनची दोरी बांधली, मीटरमीटरवर गाठ मारली, आणि जमेल त्या विहिरींचं खरं पाणी मोजत राहिले. त्याची वही वेगळी, निळ्या पुठ्ठ्याची. खात्याच्या वहीत साठ असायचं तेव्हा माझ्या वहीत चौसष्ट, सत्तर, त्र्याऐंशी. चौदा नंबर माझ्याच अंगणात आहे, मधोमध सरकारी झाकण म्हणून तर ही जागा आम्हाला परवडली. तिथं या महिन्यात एकशे एक आहे. ती विहीर एकशे आठ मीटरची आहे. त्याखाली खडक. सात मीटर म्हणजे किती दिवस ते मी सांगू शकते, पण मला कोणी विचारलेलं नाही.

कलम ४. माझ्या धाकट्या दिराला काही नाही. दहा वर्षांत त्यानं तीन पक्ष केले. तिन्ही पक्षांचे गळ्यात घालायचे पट्टे त्याच्या कपाटात इस्त्री करून आहेत, वारा फिरेल तसा एक बाहेर निघतो. सभेला म्हणून नेलेल्या माझ्या तीन खुर्च्या त्यानं आणून दिल्या नाहीत, त्या आता त्याच्याच, मेहनतीनं मिळवल्यात. गेल्या महिन्यात येऊन म्हणाला, ‘वहिनी, त्या झाकणावर सिमेंट ओतून टाकू. प्रचाराच्या गाड्या नीट लागतील.’ मी नाही म्हटलं, तर निळी वही मागायला लागला. योग्य माणसांपर्यंत पोचवतो म्हणाला. त्याची योग्य माणसं दर निवडणुकीला बदलतात. मी त्याला दुधाच्या हिशेबाची वही दिली. ती त्यानं कुठं पोचवली देव जाणे, अजून कोणी दूध घेऊन आलेलं नाही.

कलम ५. पक्षांना. तिघांनाही माझ्याकडून काही नाही, पण का नाही ते लिहिते, नाहीतर म्हणतील म्हातारी होण्याआधीच बाई चळली.

वही घेऊन मी तिघांकडे गेले. आधी सत्तेतल्यांकडे. तीन तास बाकावर बसवलं. तिथले साहेब पांढरे बूट घालतात. चिखल होईल इतकं पाणी या शहरात राहिलेलं नाही, म्हणून त्यांना ते परवडतं. वही त्यांनी नीट चाळली, मला वाटलं वाचतायत. मग खात्याची वही मागवली, साठच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ही सही कोणाची?’

माझी, मी म्हणाले.

‘मग खोटं कधी बोललात बाई? तेव्हा, की आता?’

मी वही उचलून बाहेर आले. 

मग विरोधातल्यांकडे. त्यांनी पंख्याखाली बसवलं, चहा दिला, मला बाईसाहेब म्हणाले. उद्याच पत्रकारांना बोलवू, सरकारला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही, असं चाललं होतं. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं की साठ लिहावे हा कागद कोणत्या साली आला. मी साल सांगितलं. तेव्हा राज्य यांचंच होतं. पंखा चालू राहिला, बाकी सगळे एकेक करून कामाला उठून गेले. जाताना कोणीतरी म्हणालं, निवडणूक होऊ दे, मग बसू. चहा मी संपवून आले, सोडायला काय कारण.

तिसरा पक्ष नवा आहे, पोरंपोरी आहेत, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर. त्यांना वही लगेच कळली, एकीनं तर तिथल्या तिथं खऱ्या आकड्यांची रेघ काढून दाखवली. ती बघून मलाच घाम फुटला, मी कधी रेघ काढली नव्हती. पण त्यांचा प्रमुख म्हणाला, ‘मावशी, विषय जबरदस्त आहे, पण घाबरलेला माणूस मत देत नाही. आम्ही लोकांना विचारलंय. लोकांना बोअर हवीय.’ त्यांनी जाहीरनाम्यात प्रत्येक गल्लीत एक फुकट बोअर लिहिली आहे. त्या बोअरमध्ये पाणी कुठून येणार, असं मी विचारलं. तो प्रश्न अंमलबजावणीचा आहे म्हणाला.

सत्तेतले पंप दुप्पट करणार आहेत. विरोधातले पंपाची वीज निम्म्या दरात देणार आहेत. हे नवे पक्षवाले बोअर पाडणार आहेत. कोरड्या भोकातून कोण जास्त उपसतो याची तिघांत चढाओढ लागलीय, आणि भांडतायत कशावरून, तर चौकाला नाव कोणाचं द्यायचं यावरून. त्या चौकातल्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं. मी मेल्यावर दहा नाहीतर पंधरा दिवसांनी येईल, मग एक दिवस नुसता फुस्स आवाज. तेव्हा हे तिघं एकमेकांकडे बोट दाखवतील. बोटं तेवढी शाबूत राहतील सगळ्यांची.

कलम ६. माझ्या मोठ्या बहिणीला. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

आई गेल्यावर मला ताईनं वाढवलं. सहा वर्षांपूर्वी तिनं आणि भावजींनी असेल नसेल ते विकून कपडे धुण्याचा कारखाना काढायचं ठरवलं. दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. अशा कामाला पाणी पाण्यासारखं लागतं. जागा बघितली ती एकवीस नंबरच्या विहिरीला लागून. भावजींनी खात्याचा तक्ता आणला होता, त्यात साठ. तेवढ्या खोलीच्या हिशेबानं बोअरचं आणि पंपाचं ठरलं. मुहूर्ताच्या आधी ताई माझ्याकडे आली. आम्ही पायरीवर बसलो होतो, ती माझ्या परकराचा उसवलेला काठ शिवत होती, बोलताना तिचे हात रिकामे नसतात. सुईकडे बघत तिनं विचारलं, ‘तुझ्याच खात्याचा आकडा आहे. साठ आहे ना गं?’

त्या महिन्यात माझ्या वहीत एकवीस नंबरला अठ्ठ्याऐंशी होतं.

मी हो म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर भावजी खात्यात जाऊन भांडले असते, साहेबानं मला बोलावलं असतं, नोकरीवर आलं असतं, मुलगी शिकत होती. ही कारणं मी गेली सहा वर्षं एकेक करून उलटीपालटी बघते. एकही धड नाही. मला वाटलं होतं, बोअर पाडणारा सांगेल तिला, माझ्यावर येणार नाही.

बोअर पंच्याहत्तरपर्यंत गेली, नुसती धूळ. दुसरी पाडली, तीही कोरडी. यंत्रं आली होती, ती तशीच प्लास्टिकमध्ये उभी राहिली, मग भंगारात गेली. ताई दारात आली आणि एवढंच विचारलं, ‘तुला माहीत होतं?’ मी म्हणाले, मी खात्याचा आकडा सांगितला. ती गेली, ती त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. भावजी वर्षभरात गेले. ताई आता दुसऱ्याच्या कारखान्यात दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करते, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, उभ्यानं.

पक्षवाल्यांना मी वर तोंडभरून बोलले आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण त्या पायरीवर मी त्यांच्याहून काय वेगळं केलं, ते मला सांगता येत नाही.

म्हणून, हे घर, अंगण, आणि अंगणातली चौदा नंबरची विहीर माझ्या मागे माझ्या मोठ्या बहिणीला. निळी वहीही तिलाच. ती घेऊन तिनं खात्यावर, सरकारवर, ज्याच्यावर करायची त्याच्यावर फिर्याद करावी, आणि तीत माझं नाव पहिलं घालावं. मेलेल्या माणसाला वाईट म्हणू नये असं कोणी तिला सांगू नये. मुलीला हे कलम मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘आई, घराचं मला काही नाही. पण मावशी घेणार नाही.’ मी म्हटलं, तू विचारून तर ये.

कलम ७. मी गेल्यावर फोटो लावलेला फलक चौकात नको. कोणत्याही पक्षाच्या माणसानं दोन शब्द बोलू नयेत, त्यांचे दोन शब्द तासभर चालतात. ज्याला फारच बोलायचं असेल त्याला मुलीनं अंगणात न्यावं, झाकण काढून द्यावं आणि दोरी हातात द्यावी. एकशे एक मीटर सोडून परत ओढेपर्यंत भाषण विसरेल.

कलम ८. हे कलम वरचं सगळं लिहून झाल्यावर, आज दुपारी वाढवलं आहे.

साक्षीदार म्हणून शेजारचे कुलूपवाले येऊन बसले होते, दुसऱ्या साक्षीदार डॉक्टरीणबाई अजून दवाखान्यातून निघायच्या होत्या. तेवढ्यात मुलगी आली आणि तिच्या मागे ताई. सहा वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. बस म्हटलं तर बसली नाही. कागद मागितला आणि खिडकीपाशी उभी राहून पहिल्यापासून वाचला, बोट फिरवत, कलम सहा दोनदा. मला तिच्या हातांकडे बघवेना, वाफेनं भाजल्याचे डाग कोपरापर्यंत गेलेत. कुलूपवाले उगीच चाव्यांचा जुडगा चाचपत बसले.

वाचून झाल्यावर म्हणाली, ‘घर नको.’

मी म्हटलं, ताई, माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही.

‘घर घेतलं तर मी कोणापुढे जाऊन काय बोलू? ही वही कुठंही नेली की पहिल्यांदा हेच विचारतील, तुला घर मिळालं ना, मग तू बोलणारच. तुला विचारलं ना त्या बुटवाल्यानं? मलाही विचारतील.’

बोलण्यात कुलूपवाल्यांनी भीतभीत तोंड घातलं. म्हणाले, दस्तवाल्यानं ह्यांना सांगितलं होतं, साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, घेतलं तर ते धरत नाहीत. म्हणून तर मला बोलावलं, मला काहीच मिळायचं नाही.

ताईनं ते ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, ‘मग सही मी करते. पण कागदावर लिहिलंस ते आधी तोंडानं बोल. ह्यांच्या समोर.’

मी उठून उभी राहायला बघत होते, मुलीनं धरलं. मी म्हणाले, ‘एकवीस नंबरला त्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी होतं. मला माहीत होतं. तू विचारलंस आणि मी तुला साठ सांगितलं.’

 बाहेर रस्त्यावरून प्रचाराची गाडी गेली, भोंगा आमच्या दारासमोर आला तेव्हा फुकट बोअरचंच चाललं होतं. ती लांब जाईपर्यंत आम्ही थांबलो.

मी विचारलं, ‘ताई, माझ्यावरचा राग गेला का?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘सही कुठं करायची ते दाखव.’

म्हणून आता असं लिहिते. कलम ६ मधलं घर, अंगण, विहीर आणि वही बहिणीला देण्याबद्दलचं जे आहे ते रद्द. ते सगळं मुलीला. कलम ६ मधलं बाकीचं काही रद्द नाही, एक अक्षरही नाही. झाकणावर सिमेंट ओतायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलीनं स्वतः विकत घेतलेल्या टेपला माझी दोरी बांधून मोजावं आणि येणारा आकडा फाटकावर लिहावा, रस्त्यावरून वाचता येईल एवढा. पाणी लागलं नाही तर साठ लिहू नये. लागलं नाही असं लिहावं. वहीच्या प्रती काढून मावशी मागेल तेवढ्या तिला द्याव्यात, त्या मिळकत म्हणून नाहीत, पुरावा म्हणून.

हा कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचला आहे. शुद्धलेखन सोडून सगळं बरोबर आहे. खोडाखोड तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी माझी सही आहे. अंगठा नाही, सही.

ठिकाण: माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत.
तारीख: एकोणीस मार्च, बुधवार. मतदानाला अकरा दिवस.

लिहून देणार: (सही) विहिरी मोजणारी

साक्षीदार १: (सही) कुलूपवाला, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. दोघींत जे बोलणं झालं ते मी ऐकलं.

साक्षीदार २: (सही) मोठी बहीण. स्वतःच्या हातानं लिहिते. माझ्या बहिणीने मला पाण्याचा खोटा आकडा सांगितला होता. तिने ते आज माझ्यासमोर कबूल केले. कबूल करताना ती पूर्ण शुद्धीवर होती. खोटे सांगतानाही होती. या कागदातून मला काही मिळालेले नाही आणि मी काही मागितलेले नाही. विचारतील तिथे येऊन हेच सांगेन.